मालनचा निरोप समारंभ

"मला कुणी काही बोललंच नाही," मालन म्हणाली आणि वकीलबाईंच्या पुढ्यातली बशी उगाचच सरळ केली.

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. "काहीच नाही? शिवी, टोमणा, अपमान?"

"न्हाई ओ. कुणी आवाजसुद्धा चढवला नाही. म्हणून म्हणते, माझं नाव नका घालू त्या जबाबांत. ज्यांना खरा त्रास झालाय त्यांचं घाला."

मी दाराला टेकून उभा होतो. गप्प बसायचं कबूल केलं होतं, पण राहवलं नाही. "अगं, वर्षभर तुझ्याशी एक माणूस बोलला नाही. ह्याला त्रास नाही तर काय पाहुणचार म्हणायचं?"

"तुम्ही गप्प बसा," ती मला म्हणाली. मग वकीलबाईंकडे वळून, हळू आवाजात, "माझंच काहीतरी चुकलं असणार. एखादा साहेब वाईट असेल. सगळं ऑफिस कसं वाईट असेल? माणसं चांगली होती सगळी. मीच कुठंतरी कमी पडले."

वकीलबाईंनी पेनाला टोपण लावलं. माझा धंदा मंडप आणि साउंडचा. दुसऱ्यांचं बोलणं मोठं करून गावाला ऐकवायचं, एवढंच मला येतं. आमच्या तालुक्यातलं एकही लग्न, एकही उद्घाटन, एकही निरोप समारंभ माझ्या माईकशिवाय झालेला नाही. आणि माझ्याच घरात माझ्याच बायकोला चार वाक्यं बोलायला लावणं मला जमत नव्हतं.

मालन दूध संघाच्या लॅबमध्ये होती. सकाळी गाड्या आल्या की नमुने घ्यायचे, दूध तपासायचं, संध्याकाळी पुन्हा तेच. लग्न होऊन आली त्याच्या पुढच्या वर्षी लागली, ती केस पांढरे होईपर्यंत. कामावर जीव होता तिचा. सणाच्या दिवशीसुद्धा पुरण घाटता घाटता म्हणायची, "आज गाड्या उशिरा आल्या असतील बघा." मग संघात सरनोबत नावाचे नवे साहेब आले. त्यांच्या मेहुण्याला लॅबमध्ये चिकटवायचं होतं आणि लॅबमध्ये मालन होती. काढून टाकायला कारण नव्हतं, म्हणून त्यांनी तिला काढलं नाही. तिचं टेबल तेवढं रिकाम्या कॅनच्या खोलीबाहेर, व्हरांड्यात नेऊन ठेवलं. काम काढून घेतलं. आणि त्या दिवसापासून संघातलं कुणी तिच्याशी बोलेना. ही 'नमस्कार' म्हणायची, समोरचा भिंतीकडे बघत निघून जायचा. वर्षभर रोज डबा घेऊन ती त्या व्हरांड्यात बसायला गेली. मग एक दिवस राजीनामा पोस्टानं पाठवला आणि घरात बसली.

घरात बसली म्हणजे खरोखरच बसली. बाजारात जाईना, भिशीला जाईना. संघाची गाडी रस्त्यावरून गेली की आतल्या खोलीत जायची. आमटीत मीठ घातलं की मला चाखायला लावायची, एकदा नाही, दोनदा. जी बाई हजारो लोकांच्या घरचं दूध पास करायची, तिचा स्वतःच्या आमटीवर विश्वास उरला नव्हता. मला सरनोबतांचा राग होताच, पण त्याहून जास्त भीती वाटायची, की ही अशीच आतल्या आत संपून जाईल.

शबाना मुजावर ह्या वकीलबाई कोल्हापूरच्या. वयानं आमच्या लेकीएवढ्या, पण बोलायला पक्क्या. त्यांचं म्हणणं साधं होतं. जातपंचायतीनं माणसाला वाळीत टाकलं तर कायदा आहे. कामाच्या जागी कुणी बाईच्या अंगचटीला गेलं तर कायदा आहे. पण साहेबानं माणसाला ऑफिसातच वाळीत टाकलं, रोज थोडं थोडं करून त्याचं मन मारलं, तर दाद कुठं मागायची? त्यासाठी कायदा व्हावा म्हणून त्या गावोगाव फिरत होत्या, सोसलेल्या माणसांचे जबाब गोळा करत होत्या. एका आमदारांनी विधेयक मांडायचं कबूल केलं होतं. तो कायदा अजून झालेला नाही, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही शेवटपर्यंत त्याची वाट बघाल. विधेयक मांडलं गेलं, चर्चेला आलंच नाही. वकीलबाई अजून हेलपाटे घालतात आणि त्यांच्या सभेला मी माईक देतो. बिल लावत नाही.

त्या दिवशी त्यांना एस. टी. स्टँडवर सोडायला गेलो, तेव्हा त्या म्हणाल्या, "काका, कायदा कधी होईल तेव्हा होईल. काकूंना त्याआधी एक साक्षीदार पाहिजे."

"म्हणजे कोर्टात?"

"कोर्टात नाही ओ. घरात. त्यांना वाटतंय सगळं त्यांच्या मनाचे खेळ आहेत. संघातल्या कुणीतरी एकानं तोंडानं म्हणायला पाहिजे, की हो, हे ठरवून केलं. तुम्ही हजारदा म्हणून उपयोग नाही. तुम्ही नवरा आहात, तुम्ही म्हणणारच."

साक्षीदार आणायचा म्हणून मी कामाला लागलो. आधी शैला कुंभारकडे गेलो. लॅबमध्ये तिचं टेबल मालनच्या शेजारी होतं. दोघी एका डब्यात जेवायच्या, शैलाच्या दोन्ही बाळंतपणांचे डिंकाचे लाडू आमच्या घरातून गेले होते. तिनं दार उघडलं, पण अर्धंच.

"दाजी, मला काय विचारू नका," ती म्हणाली. "नवरा घरी हाय, पोरं शिकत्यात. माझ्या नोकरीवर घर हाय."

"नाव नको घालू. मालनला येऊन नुसतं सांग."

"काय सांगू?" तिचे डोळे भरून आले आणि तिनं दार लावून घेतलं.

मग हिंदुराव शिपाई. तो मला पानपट्टीवर सापडला आणि त्यानं पावसापाण्याच्या एवढ्या गप्पा मारल्या, की मला तोंडच उघडू दिलं नाही. आणखी दोघांकडे गेलो. एकाच्या पोटात दुखत होतं, दुसरा घरात असून घरात नव्हता. साक्ष म्हटलं, की आमच्या गावातला पैलवानसुद्धा कोकरू होतो.

त्याच आठवड्यात हायस्कूलच्या हेडमास्तरांचा निरोप समारंभ होता. मी माईक लावून मागं ॲम्प्लिफायरपाशी बसलो होतो. हे हेडमास्तर म्हणजे गावातला एक नंबरचा खडूस माणूस. पण एकेक शिक्षक उठायचा, माईकवर टिचकी मारायचा, म्हणायचा, "मी काही वक्ता नाही, पण दोन शब्द बोलतो," आणि दहा मिनिटं त्यांचे गुण गायचा. ज्या मास्तरांनी त्यांच्यावर केस घातली होती, तेसुद्धा उठले आणि बोलता बोलता रडले. मी हे आयुष्यभर बघत आलोय. त्या दिवशी मात्र माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. माणूस साक्ष द्यायला घाबरतो, पण दोन शब्द बोलायला कुणी घाबरत नाही. आणि निरोपाला बोलावलं आणि गेलं नाही, असं आमच्याकडे वैऱ्याच्या बाबतीतही होत नाही.

मालनला निरोप दिलाच नव्हता कुणी.

घरी येऊन मी तिला सांगितलं, "रविवारी तुझा निरोप समारंभ. आपल्या दारात."

ती भाजी निवडत होती. तिचा हात थांबला. "कुणी करणार?"

"मी. मंडप माझा, माईक माझा, बायकोही माझीच."

"निरोप ऑफिस देतं. घरातनं देत नाहीत."

"ऑफिस विसरलं. आपण आठवण करून द्यायची."

तिनं पुन्हा दोन पानं खुडली. मग म्हणाली, "आणि कुणी नाही आलं तर?"

तिचा खरा प्रश्न हाच होता, आणि माझाही. रिकाम्या खुर्च्यांपुढं तिला बसवलं असतं, तर उरलीसुरली मालनसुद्धा माझ्या हाताला लागली नसती. वकीलबाईंनी तर फोनवर चक्क मला झापलं. "काका, हा जुगार आहे," त्या म्हणाल्या. पण येते म्हणाल्या.

"कुणी नाही आलं तर मी बोलेन दोन शब्द," मी मालनला म्हणालो.

"तुम्ही?" ती हसली. कितीतरी दिवसांनी हसली. "तुम्ही तर 'हॅलो हॅलो'च्या पुढं कधी गेला न्हाई."

मी घरोघर निमंत्रण दिलं. कायदा नाही, जबाब नाही, तक्रार नाही. "रविवारी मालनचा निरोप आहे. संध्याकाळचं दूध झालं की या. पेढे आहेत." एकालाही नाही म्हणता आलं नाही. पोटात दुखणारासुद्धा 'येतो' म्हणाला.

रविवारी मी दारात मंडप घातला. मोठ्या घरच्या लग्नांना वापरतो तो गुलाबी कापडाचा, झालर असलेला. मालननं मोतिया रंगाचं लुगडं काढलं, पुन्हा ठेवलं, पुन्हा काढलं. तिला मधल्या खुर्चीत बसवलं तेव्हा तिनं दोन्ही हात मांडीवर असे धरले होते, जशी शाळेत पहिल्या दिवशी पोर बसते. वकीलबाई मागच्या रांगेत पदर सावरून पाहुण्या बाईसारख्या बसल्या. बाकीच्या खुर्च्या रिकाम्या. मी सनई लावली, संपली, पुन्हा पहिल्यापासून लावली.

मालन माझ्याकडे बघेना. मी तिच्याकडे बघेना.

आणि मग ते आले. एकेकटे नाही, सगळे एकदम, कोपऱ्यावर एकमेकांची वाट बघत थांबले असावेत. इस्त्रीचे शर्ट, पावडर लावलेले चेहरे. हिंदुरावनं तर टोपी घातली होती. शैला सगळ्यांच्या मागं होती. येऊन बसले, पण मालनकडे सरळ बघायची एकाची हिंमत होईना. जो तो मंडपाची झालर न्याहाळत होता. त्या एका संध्याकाळी माझ्या झालरीचं जेवढं कौतुक झालं, तेवढं पुढं कधी झालं नाही.

एवढ्यात दारात जीप थांबली. सरनोबत साहेब. हातात शाल आणि नारळ.

त्यांना मी बोलावलं नव्हतं. पण संघातल्या माणसाचा निरोप आणि साहेब नाहीत, हे लोकांत बरं दिसलं नसतं. शिवाय माईक दिसला की त्यांचे पाय आपोआप वळायचे. ते थेट पुढच्या खुर्चीवर जाऊन बसले आणि बसलेली माणसं जागच्या जागी आक्रसली. शैलानं मान खाली घातली. माझा सगळा बेत पाण्यात गेला, हे मला तेव्हाच कळलं.

सुरुवातीला तेच बोलायला उठले. माईक उंच करून घेतला.

"मी काही वक्ता नाही," ते म्हणाले आणि बोलू लागले. काय बोलले म्हणता! चौगुले बाई म्हणजे संघाचा पाया. चौगुले बाई म्हणजे आमच्या कुटुंबातल्या. "त्यांच्या जाण्यानं आम्ही पोरके झालो. शेवटच्या काळात त्या जरा अबोल झाल्या होत्या, तब्येतीमुळं असेल, वयामुळं असेल. आम्ही समजून घेतलं. आपल्या माणसाला समजून घ्यायचंच असतं." मग मालनच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला, वाकून नमस्कार केला.

मी मालनकडे बघितलं. ती मान डोलवत होती. साहेबांच्या प्रत्येक वाक्याला, हळूहळू, मान डोलवत होती. मग तिनं माझ्याकडे बघितलं आणि तिच्या डोळ्यांत स्पष्ट लिहिलेलं होतं, बघा, मी म्हणत नव्हते? माणसं चांगली आहेत. माझ्याच मनाचे खेळ.

मला माईकची वायर उपटून साहेबांच्या गळ्यात घालावीशी वाटली. हातात साधनही होतं. पण मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

शैला उठली होती. ती माईकपाशी आली. माईक तिच्या कपाळाएवढा उंच होता. तिनं तो खाली घ्यायलाही सांगितलं नाही, तशीच मान वर करून बोलली.

"मीबी दोन शब्द बोलते," ती म्हणाली. "साहेब, तुम्ही आत्ता म्हणाला, कुटुंबातल्या. मग कुटुंबातल्या माणसाशी बोलू नका, असं आम्हाला कोण म्हणालं?"

सरनोबत खुर्चीत पुढं सरकले.

"एकेकाला केबिनमध्ये बोलावलं तुम्ही. चौगुले बाईंशी जो बोलंल, त्याला कॅन धुवायच्या शेडमध्ये पाठवीन म्हणाला. मी म्हटलं, साहेब, आम्ही एका ताटात जेवतो. तर म्हणाला, उद्यापासनं ताट बदला." ती मालनकडे वळली. "मालनताई, तू व्हरांड्यात एकटी जेवत होतीस आणि मी आत भिंतीकडं तोंड करून जेवत होते. मला गिळत न्हवतं ग. पण मी आले न्हाई बाहेर."

सरनोबत ताडकन उठले. "हे काय चाललंय? चौगुले, माईक बंद करा!"

"साहेब," मी म्हणालो, "चालू कार्यक्रमात माईक बंद करणं आमच्या धंद्यात अपशकुन मानतात."

असं काहीही मानत नाहीत. पण त्या क्षणी मला दुसरं सुचलं नाही. मी आवाज थोडा वाढवला मात्र.

मग हिंदुराव उठला. टोपी काढून हातात घेतली. "चहा सगळ्यांस्नी द्यायचा, त्यास्नी न्हाई, असा हुकूम हुता. त्या कप पुढं करायच्या. मी बगितलं न्हाई असं करून जायचो." एवढं बोलून तो बसला. पोटात दुखणारा उठला. घरात असून नसणारा उठला. कुणी एक वाक्य बोललं, कुणी अर्धं. सरनोबत केव्हा गेले ते मी बघितलं नाही, जीपचा आवाज तेवढा ऐकला. त्या बोलण्यापायी शैलाला पुढं खरंच कॅनच्या शेडमध्ये बसवलं. आज ती वकीलबाईंच्या सभेत सगळ्यांच्या आधी बोलायला उठते, आणि तिला आवरायला मला खूण करावी लागते.

पण त्या संध्याकाळी मी फक्त मालनकडे बघत होतो. ती उठून उभी राहिली होती. शाल एका खांद्यावरून घसरली होती. ती शैलाच्या अगदी जवळ गेली, माईक दोघींच्या मध्ये होता, त्यामुळं ती जे हळूच विचारत होती, ते सगळ्या मंडपाला ऐकू गेलं.

"शैला, म्हणजे ठरलं होतं?"

"व्हय ताई. ठरवून केलं."

"सगळ्यांना सांगितलं होतं?"

"सगळ्यांना."

मालननं घसरलेली शाल खांद्यावर ओढली. मग तिनं विचारलं, "म्हणजे माझ्या अंगाला वास येत नव्हता?"

शैलाला काही कळलं नाही. मलाही नाही.

"मला वाटायचं, इतकी वर्षं दुधात काढली, अंगाला आंबूस वास लागला असंल. म्हणून कुणी जवळ येत नसंल. मला येत नाही, पण दुसऱ्याला येत असंल. ह्यांना विचारायची लाज वाटायची." ती माझ्याकडे बघत नव्हती. "खरं सांग शैला. येत नव्हता?"

शैलानं मालनला दोन्ही हातांनी ओढून घेतलं आणि तिच्या मानेत तोंड खुपसून रडली. माईकवर नुसता त्या दोघींचा श्वास ऐकू येत होता. हिंदुराव डोळ्यांना टोपी लावून बसला होता. मीही ॲम्प्लिफायरवर डोकं टेकलं. रात्रंदिवस एका छताखाली राहणारी माझी बायको, आणि ती माझ्यापासूनसुद्धा अंतर ठेवून का झोपायची, ते मला आत्ता कळत होतं.

निरोप समारंभात शेवटी सत्कारमूर्तीचं मनोगत असतं. तशी रीतच आहे. मी उठलो, माईक तिच्या उंचीइतका खाली केला आणि तिच्यापुढं धरला. तिनं पदरानं तोंड पुसलं. वकीलबाई मागच्या रांगेत होत्या, त्यांच्याकडे एकदा बघितलं.

"मी मालन चौगुले," ती म्हणाली. "दूध संघात लॅबला होते. मी काम चांगलं करत होते."

मला वाटलं, झालं. पण तिनं माझ्या हातातला माईक स्वतःच्या हातात घेतला.

"वकीलबाई, माझं नाव घाला. माझा छळ झाला."